राज्यसेवेचा अभ्यासगट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या (एमपीएससी) राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली. पूर्वी ८०० गुणांची, बहुतांशी बहुपर्यायी मुख्य परीक्षा होती, तेव्हा आपली चूक उत्तरतालिकेवरून एकट्यालाही कळायची. आता १७५० गुणांचं लेखन आहे, त्यावर २७५ गुणांची मुलाखत. लिहिलेलं उत्तर कसं झालं हे लिहिणाऱ्याला स्वतःला सहसा दिसत नाही, म्हणून अभ्यासगटाबद्दलचे प्रश्नही वाढले आहेत. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत.

१. गट लागतोच का? एकट्याने अभ्यास करून पोस्ट निघत नाही का?

निघते. वाचन, पाठांतर, नोट्स, रिव्हिजन ही कामं एकट्यानेच करायची असतात आणि गटात ती बिघडतात. गट तीन गोष्टींसाठी लागतो: तुमचं उत्तर दुसऱ्याने वाचावं म्हणून, ठरवलेलं काम झालं का हे विचारणारं कुणीतरी असावं म्हणून, आणि तुमची चूक तुमच्याआधी दुसऱ्याच्या लक्षात यावी म्हणून. या तिन्ही गोष्टी तुम्हाला दुसरीकडून मिळत असतील, उदाहरणार्थ घरात मोठी बहीण आधीच सेवेत आहे आणि ती दर आठवड्याला उत्तरं तपासते, तर गट नसला तरी चालेल.

“एकत्र बसून वाचू” म्हणून सुरू केलेला गट मात्र हमखास चहाच्या टपरीवर संपतो. एकत्र वाचताना सगळ्यांना सगळ्यात हळू वाचणाऱ्यासाठी थांबावं लागतं आणि भरभर वाचणारा कंटाळून बोलायला लागतो.

२. गटात किती जण असावेत?

पाच. चारही चालतील, सहाच्या वर जाऊ नका. पाचातला एक गावी गेला आणि एक आजारी पडला तरी तिघं उरतात आणि बैठक होते. तिघांचा गट असेल तर एक जण नसला की उरलेले दोघं “आज राहू दे” म्हणतात. आठ जण असले तर सगळ्यांच्या कामाचा हिशेब घेण्यातच अर्धा तास जातो आणि दोघं-तिघं कायम गप्प राहतात.

३. माणसं कशी निवडायची? रूम पार्टनर आणि मित्रच घेऊ का?

मैत्रीपेक्षा तीन गोष्टी जुळतात का ते पाहा. सगळ्यांचं परीक्षेचं वर्ष एकच हवं. लेखनाचं माध्यम एक हवं, निदान मराठी उत्तर नीट तपासता येईल इतकं मराठी सगळ्यांना यायला हवं. आणि रोजचे मोकळे तास साधारण सारखे हवेत. पूर्णवेळ अभ्यास करणारा आणि दिवसभर नोकरी करणारा एका गटात असले की एकाला काम कमी वाटतं, दुसऱ्याला झेपत नाही.

गुणांची पातळी अगदी सारखी असायची गरज नाही. एकाचा इतिहास पक्का, दुसरीचं अर्थशास्त्र, तिसऱ्याचं भाषेवर प्रभुत्व, अशी मिसळण जास्त उपयोगी पडते. रूम पार्टनर घ्यायला हरकत नाही. फक्त भाड्याचे आणि मेसच्या बिलाचे वाद बैठकीत येणार असतील तर घेऊ नका.

आधी चार आठवड्यांची चाचणी ठरवा. “चार आठवड्यांनी प्रत्येक जण राहायचं की नाही ते सांगेल” हे पहिल्याच दिवशी बोललं गेलं, तर नंतर कुणाला बाहेर पडताना वाईटपणा येत नाही.

४. आठवड्यातून किती वेळा भेटायचं आणि भेटीत नेमकं काय करायचं?

मुख्य परीक्षेच्या तयारीत आठवड्याला एक मोठी बैठक पुरते. तिचा साचा असा ठेवा:

पहिली १० मिनिटं हिशेब. प्रत्येकी दोन मिनिटं: मागच्या आठवड्यात काय ठरवलं होतं, किती झालं, काय राहिलं. कारणं सांगायची नाहीत, फक्त “झालं” किंवा “राहिलं”. मग ३६ मिनिटं लेखन: १० गुणांचे दोन आणि १५ गुणांचे दोन प्रश्न, मोबाइल पिशवीत. १० मिनिटं सुट्टी. ५० मिनिटं तपासणी (पद्धत प्रश्न ५मध्ये). २० मिनिटं चर्चा, तीही फक्त त्या चार प्रश्नांवर. शेवटची १० मिनिटं पुढच्या आठवड्याचं काम लिहून घ्यायला.

एकूण सव्वादोन तास. प्रश्न निवडण्याची पाळी दर आठवड्याला बदला आणि निवडणाऱ्याने ते बैठकीत घड्याळ लावल्यावरच उघडावेत. आदल्या दिवशी प्रश्न कळले की सगळे तयारी करून येतात आणि सराव पाठांतराचा होतो.

३६ मिनिटांचा हिशेब यूपीएससीच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरावर बेतलेला आहे: १० गुणांचे १० प्रश्न, १५० शब्द, १५ गुणांचे १० प्रश्न, २५० शब्द, वेळ तीन तास. म्हणजे ४००० शब्द. १० गुणांना ७ आणि १५ गुणांना ११ मिनिटं दिली तर बरोबर १८० मिनिटं होतात, हातात काहीच उरत नाही. म्हणून दोन महिन्यांनी प्रत्येक उत्तराचं अर्धं मिनिट कमी करा, म्हणजे तीन तासांत १० मिनिटं शिल्लक राहतील.

अभ्यासिकेत बोलता येत नाही आणि टपरीवर लिहिता येत नाही, त्यामुळे टेबल असलेली जागा आधी शोधा. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठेत राहणाऱ्या गटांनी बैठक सकाळी ठेवावी. रात्रीच्या बैठकीतून मुलींना हॉस्टेलचं दार बंद व्हायच्या आत निघावं लागतं आणि तपासणी दर वेळी अर्धवट राहते.

५. आम्हालाच नीट लिहिता येत नाही, मग एकमेकांची उत्तरं काय तपासणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यामागची शंका रास्त आहे. तज्ज्ञ जे सांगेल ते तुमचा सोबती सांगू शकणार नाही. पण बहुतेक गुण ज्यावर जातात त्या चुका ओळखायला तज्ज्ञ लागत नाही, नीट वाचणारा माणूस लागतो.

उदाहरण घ्या. “७३व्या घटनादुरुस्तीनंतरही ग्रामसभा प्रभावी का होऊ शकली नाही? चिकित्सक परीक्षण करा.” १५ गुण. पाचातले तिघं तरी बलवंतराय मेहता समितीपासून सुरुवात करतील आणि पंचायत राजचा इतिहास लिहीत दीड पान संपवतील. प्रश्न इतिहासाचा नव्हता, “का होऊ शकली नाही” हा होता. हे दाखवायला राज्यशास्त्राची पदवी लागत नाही.

१५ गुण असे वाटा: विचारलंय त्यालाच उत्तर दिलंय का, ४ गुण. मुद्द्यांची संख्या आणि खोली, ५. कलम, कायदा, आकडा, ठिकाण यांचा नेमका आधार, ३. रचना आणि सुवाच्यता, २. वेळ आणि शब्दमर्यादा, १. वरच्या प्रश्नात कलम २४३ क, १९९६चा पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) किंवा गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचं उदाहरण आलं तर आधाराचे गुण द्या. “अनेक गावांत ग्रामसभा यशस्वी झाल्या आहेत” या वाक्याला त्या रकान्यात शून्य.

वह्या वर्तुळात फिरवा: आपली वही उजवीकडच्याला, मग त्याच्या उजवीकडच्याला. म्हणजे प्रत्येक वही दोघं तपासतात. दुसऱ्याने पहिल्याचे गुण पाहायचे नाहीत, म्हणून गुण वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. दोघांच्या गुणांत दोनहून जास्त फरक आला तर ते उत्तर चर्चेच्या २० मिनिटांत मोठ्याने वाचा. फरक कुठून आला हे शोधताना जे बोलणं होतं, तोच बैठकीचा सगळ्यात कसदार भाग असतो.

लिहायला एका बाजूला मोठा समास असलेले कागद वापरा आणि शेरे समासातच, त्या त्या ओळीसमोर लिहा. “छान”, “अजून सुधारणा हवी” असे शेरे बंद. प्रत्येक वहीवर तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: ठेवावं असं एक वाक्य, काढून टाकावं असं एक वाक्य, आणि राहून गेलेला एक मुद्दा. वही परत मिळाल्यावर चारांपैकी सगळ्यात कमी गुणांचं उत्तर ४८ तासांत पुन्हा लिहायचं. हे पुनर्लेखन टाळणाऱ्या गटाचे गुण महिनोन्‌महिने तिथेच राहतात, कारण चूक नुसती कळून हात बदलत नाही.

महिन्यातून एकदा बाहेरच्या जाणकाराकडून प्रत्येकी दोन उत्तरं तपासून घ्या आणि ते गुण तुमच्या गुणांशी ताडून पाहा. पाच जण एकमेकांना सवयीने उदार गुण देत असतील तर ते तिथे उघडं पडतं.

६. पूर्व परीक्षेसाठी गटाचा काही उपयोग आहे का?

आहे, पण काम वेगळं. पूर्वला लेखन नाही, म्हणून साप्ताहिक बैठक चुकांच्या तपासणीसाठी वापरा. सगळ्यांनी एकच सराव पेपर आपापल्या जागी दोन तासांत सोडवून यायचं. मग प्रत्येक चुकलेल्या प्रश्नासमोर चारपैकी एक अक्षर लिहायचं: मा (माहितीच नव्हती), वा (प्रश्न नीट वाचला नाही, “अयोग्य” ऐवजी “योग्य” समजला), गो (दोन पर्यायांत गोंधळ), अं (अंदाज). एकट्याने हे करताना बहुतेक जण “वा” लपवून “मा” लिहितात. समोर बसलेला सोबती विचारतो, “हे तर तुला येत होतं ना?”

अंदाजाचा हिशेबही गटातच ठेवा. पेपर एकमध्ये १०० प्रश्न, २०० गुण. बरोबर उत्तराला २, चुकीला वजा अर्धा. म्हणजे पाच अंदाजांतला एक बरोबर आला तर बेरीज शून्य होते. चारही पर्याय अनोळखी असताना मारलेल्या खड्याला सरासरी फक्त ०.१२५ गुण मिळतात. एक पर्याय नक्की बाद करता आला तर ०.३३, दोन बाद करता आले तर ०.७५. प्रत्येकाने आपले “दोन पर्याय उरले होते” असे प्रश्न वेगळे मोजावेत. एखाद्याचे त्यातले निम्म्याहून कमी बरोबर येत असतील तर त्याचा “बाद करणं” हा भागच कच्चा आहे, तो योग्य पर्याय बाद करतो आहे. हे एका पेपरवरून ठरवू नका, निदान पाच पेपर एकत्र घ्या.

जुने आयोगाचे पेपर सोडवताना पहिली नव्हे, अंतिम उत्तरतालिका वापरा. हरकतींनंतर काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात.

७. गटात फक्त माझंच सीसॅट अडकतंय. सगळ्यांचा वेळ घ्यावा का?

नाही. सीसॅट, म्हणजे पूर्व परीक्षेचा पेपर दोन, पात्रतेपुरता आहे: ८० प्रश्न, २०० गुण, ३३ टक्के म्हणजे ६६ गुण हवेत. एका बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकीला ०.६२५ वजा. ३० बरोबर आणि १२ चूक आले तरी ६७.५ होतात. ज्यांना सीसॅट सहज जमतो अशा एकाबरोबर आठवड्याला ४५ मिनिटांची जोडी लावा. बदल्यात त्याच्या कच्च्या विषयात तुम्ही मदत करा. उतारे आधी सोडवायचे की गणित, हा क्रम सोबत्याला समोर बसवून, घड्याळ लावून दोन्ही प्रकारे करून पाहा. बहुतेकांचं अडतं ते गणित न आल्यामुळे नव्हे, तर अवघड प्रश्न सोडून पुढे न गेल्यामुळे.

८. विषय वाटून घेऊन नोट्स काढल्या तर वेळ वाचेल ना?

वाटून काढलेल्या नोट्स परीक्षेत आठवत नाहीत. नोट्सचा मोठा फायदा त्या काढताना होतो. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवताना मजकूर डोक्यात बसतो. दुसऱ्याच्या नोट्स म्हणजे तुमच्यासाठी आणखी एक पुस्तक. शिवाय एकाने भूगोलात चूक केली की पाचही जण तीच चूक पेपरात लिहितात.

अपवाद आहे तो चालू घडामोडी आणि मोठ्या सरकारी अहवालांचा. राज्याची आर्थिक पाहणी पाच प्रकरणगटांत वाटून प्रत्येकाने दोन पानांत आकडे काढावेत, प्रत्येक आकड्यासमोर मूळ पान क्रमांक लिहावा, आणि दुसऱ्याने त्यातले कोणतेही पाच आकडे मूळ अहवालात पडताळावेत. एकही चुकला तर ती दोन पानं परत.

९. आमचे पर्यायी विषय वेगवेगळे आहेत. गट चालेल का?

चालेल. सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि निबंध मिळून १२५० गुण सगळ्यांना सारखेच आहेत. पर्यायी विषयाचे ५०० गुण मात्र या गटात तपासता येणार नाहीत. आशयाचं मूल्य त्या विषयाबाहेरच्याला कळत नाही आणि उगाच दिलेला सल्ला नुकसान करतो. त्यासाठी त्या विषयाचा एकच जोडीदार शोधा, शहराबाहेरचा असला तरी चालेल. मराठी आणि इंग्रजीचे प्रत्येकी ३०० गुणांचे पेपर पात्रतेसाठी आहेत, २५ टक्के पुरतात. पण तिथे घसरलात तर बाकीचं लेखन वाया जाईल, म्हणून दर दोन महिन्यांनी एक पूर्ण पेपर गटात बसून लिहा.

१०. मी गावीच राहतो / नोकरी करतो. ऑनलाइन गट जमेल का?

जमेल, गट चौघांचा ठेवा. लेखनाच्या वेळी व्हिडिओ चालू, कॅमेरा चेहऱ्यावर नव्हे तर वहीवर. वेळ संपताच दोन मिनिटांत फोटो पाठवायचे, त्यानंतर आलेली वही तपासायची नाही. तपासणी दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत, आवाजी संदेशात, प्रत्येक उत्तराला दीड मिनिट. बाकी सगळं प्रश्न ४ आणि ५प्रमाणे. तालुक्याच्या ठिकाणी दोघं असाल तर महिन्यातून एकदा प्रत्यक्ष बसून तीन तासांचा पूर्ण पेपर लिहा. सलग तीन तास लिहिताना हात कुठे दमतो हे चार प्रश्नांच्या सरावात कळत नाही.

११. व्हॉट्सॲपचा ग्रुप ठेवावा का?

ठेवा, फक्त बैठकीची वेळ आणि वह्यांचे फोटो यांसाठी. पीडीएफ आणि कट-ऑफचे अंदाज तिथे आले की तो अभ्यासगट राहत नाही.

१२. एक जण नियमित येतो, गप्पांत पुढे असतो, पण लिहून काहीच आणत नाही. काय करावं?

नियम आधी ठरलेला असेल तर भांडण होत नाही: सलग दोन आठवडे हिशेबात “राहिलं” आलं तर तिसऱ्या आठवड्याचं काम निम्मं करायचं. तरीही राहिलं तर एक महिना विश्रांती, मग हवं तर परत. काम निम्मं करण्याची पायरी गाळू नका. पुष्कळदा माणूस आळशी नसतो, त्याने पहिल्या उत्साहात झेपेल त्याच्या दुप्पट काम अंगावर घेतलेलं असतं. बोलायचं ते एकानेच, एकट्याला गाठून, सगळ्यांसमोर नाही.

१३. गटातल्या चौघांची पूर्व निघाली, माझी राहिली. आता गटात राहू का?

पहिले तीन-चार आठवडे मुख्यच्या बैठकीला जाऊ नका. तपासायला म्हणून गेलात तरी प्रत्येक वही टोचते आणि चौघंही तुमच्यासमोर मोकळेपणाने बोलत नाहीत. पण संबंध तोडू नका: एकाशी आठवड्याला १० मिनिटांचा हिशेब फोनवर चालू ठेवा. पाच पेपरांचं चुकांचं कोष्टक (प्रश्न ६) काढून त्याच्यासोबत एकदा बसा आणि कुठल्या अक्षराने गुण गेले ते लिहून काढा. नवा गट त्यानंतर बांधा.

चौघांसाठीही एक सूचना: “पुढच्या वर्षी नक्की” म्हणू नका. कधी भेटायचं ते विचारा.

१४. गटातला एक सोबती फारच खचला आहे. आम्ही काय करू शकतो?

अभ्यासाचा विषय बाजूला ठेवा. “जगण्यात अर्थ नाही” असं बोलणं, वस्तू वाटून टाकणं, जेवण-झोप तुटणं, फोन न उचलणं हे दिसलं तर थेट विचारा: “जीव द्यायचे विचार मनात येतात का?” असं विचारल्याने विचार बळावत नाहीत, बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका आणि घरच्यांना कळवा. तो नको म्हणाला तरी कळवा. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. धोका तातडीचा असेल तर ११२. समुपदेशकाचं काम गटाने अंगावर घेऊ नये. सोबत बसणं, दवाखान्यात बरोबर जाणं, मेसचा डबा खोलीवर पोचवणं इतकं तुमच्याकडून होऊ शकतं आणि त्याची फार मदत होते.

१५. मुलाखतीचा सराव आपापसात करता येतो का?

येतो, पण त्याच पाच जणांत पुरेसा नाही. वर्षभर एकत्र असल्यामुळे तुम्हाला एकमेकांची उत्तरं पाठ असतात. तिघं मंडळ, एक उमेदवार, पाचवा फक्त निरीक्षक. २५ मिनिटं, मोबाइलवर चित्रीकरण. निरीक्षकाने आशय न पाहता तीन गोष्टी मोजायच्या: “म्हणजे” किंवा “ॲक्च्युअली” किती वेळा आलं, उत्तर येत नसताना “माहीत नाही, सर” म्हणायला किती सेकंद लागले, आणि किती प्रश्न पूर्ण ऐकण्याआधीच उत्तर सुरू झालं. पहिल्या फेरीत प्रश्न फक्त जिल्हा, पदवी, नोकरी आणि छंद यांवर. “वाचन” हा छंद लिहिणाऱ्याला गेल्या महिन्यात वाचलेल्या पुस्तकाबद्दल सलग सहा प्रश्न विचारा. शेवटच्या दोन फेऱ्यांना दुसऱ्या गटातली अनोळखी माणसं मंडळात बसवा आणि तुम्ही त्यांच्याकडे जा.

१६. गटातल्या एकीची निवड झाली. तिने पुढेही गटात राहावं का?

सदस्य म्हणून नको, महिन्यातून एकदा तपासायला म्हणून हवी (प्रश्न ५मधला बाहेरचा जाणकार). ती दर आठवड्याला बसली तर बाकीचे आपापसात वाद घालणं सोडून तिच्या तोंडाकडे पाहू लागतात. तिच्याकडून प्रशिक्षणाला जाण्यापूर्वी एक गोष्ट मागून घ्या: शेरे असलेल्या सगळ्या जुन्या वह्या, सुरुवातीच्या वाईट वह्यांसकट. नव्या सदस्याला पहिल्या बैठकीत त्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात अलीकडची अशा दोन वह्या शेजारी ठेवून वाचायला द्या.